मला शाळा लागली

१९८६ सालच्या जून महिन्यात धारणीच्या एका शाळेत शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. तोवर मी अकोल्याच्या बाहेर फारसा पडलो नव्हतो. मेळघाट हे नाव भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले होते; सातपुड्याच्या अनेक घाटांचा जेथे मेळ पडतो तो मुलूख, एवढेच त्याविषयीचे माझे ज्ञान. मृग लागून आठवडा झाला होता. परतवाड्याच्या बसस्थानकावर वळकटी आणि पुस्तकांची पेटी सांभाळीत मी बसलो असता, "धारनीची गाडी लागली हो!" अशी आरोळी कानी आली आणि मी लगबगीने उठलो.

परतवाडा सोडले की थोड्याच वेळात घाट लागतो. मग घटांग लागते, सेमाडोह लागते, हरिसाल लागते. दोन्ही बाजूंना सागाचे दाट रान, त्यावर पहिल्या पावसाचा ओला वास. पण ते पाहण्याचे सुख माझ्या नशिबी नव्हते. एका वळणामागून दुसरे वळण येऊ लागले तसे माझे पोट ढवळू लागले आणि सेमाडोह येण्यापूर्वीच मी खिडकीबाहेर मान काढली. शेजारचे म्हातारे गृहस्थ कनवाळूपणे म्हणाले, "पहिल्यांदा येऊन राह्यले वाटते. गाडी लागली तुमाले." सकाळी स्थानकाला लागलेली गाडी दुपारी मला लागली! शब्द तेच, दिवस तोच, गाडीही तीच. त्या अवस्थेतही मला याचे हसू आले आणि ही गंमत मुलांना सांगायची असे मी मनाशी ठरवले.

सहावीच्या वर्गात पस्तीस-चाळीस मुलेमुली होती. त्यांतील बहुतेकांच्या घरी कोरकू भाषा बोलत. मध्य प्रदेशची सीमा तेथून दूर नाही, त्यामुळे बाजारात ही मुले हिंदी बोलत. दुकानदाराशी आणि बसच्या वाहकाशी वऱ्हाडी बोलत. आणि शाळेचा उंबरा ओलांडला की त्यांना माझी पुस्तकी मराठी बोलावी लागे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात चार भाषांतून हिंडून यावे, याचे त्या वेळी मला काहीच नवल वाटले नाही. त्यांच्या वह्यांत चुका फार असतात, तेवढे मात्र मला दिसे.

श्रावणातल्या एका दुपारी मी फळ्यावर लिहिले : 'लागणे या क्रियापदाचा उपयोग करून पाच वाक्ये लिहा.' आधी माझ्या प्रवासाची हकिकत सांगितली. मुले पोट धरून हसली. मग माना खाली घालून लिहू लागली. वाक्ये चांगली उतरली होती. 'मला भूक लागली.' 'मोहाला फुले लागली.' 'डोंगराला आग लागली.' एका मुलीने तर 'आमच्या बकरीला कोणाची दृष्ट लागली' असे लिहिले होते. शेवटच्या रांगेतल्या एका मुलाची वही मी हाती घेतली. मुलगा अबोल, काटकुळा. सिपना नदीकडच्या एका गावाहून रोज चालत येणारा. त्याचे पहिलेच वाक्य होते : 'मला शाळा लागली.'

मी ते मोठ्याने वाचले आणि म्हणालो, "अरे, शाळा लागली म्हणजे काय? मला गाडी लागली तशी तुला शाळा लागली? मग आता ओकतोस की काय?"

वर्गात हशा पिकला. मीही हसलो आणि तांबड्या शाईने त्या वाक्यावर फुली मारली. मुलाने वही घेतली, मिटली आणि तास संपेपर्यंत ती पुन्हा उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही त्याची जागा रिकामीच. त्याच्याच गावच्या एका मुलाला मी विचारले, "का रे, त्याला ताप वगैरे आहे काय?" मुलगा थोडा घुटमळला. मग खाली पाहत म्हणाला, "नाही गुरुजी. तुमचं बोलनं त्याले लागलं."

मी ज्या क्रियापदाचा पाठ देत होतो, तेच क्रियापद त्या पोराने माझ्यापुढे ठेवले होते. आणि तेही किती नेमके! ते मलाही लागले.

त्या रात्री मला झोप लागेना. पावसाने गावातले दिवे गेले होते. मी कंदील लावला आणि पेटीतून मोल्सवर्थचा कोश काढला. जेम्स मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला अधिकारी. शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने त्याने मराठी-इंग्रजी कोश रचला, तो १८३१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८५७ साली सुमारे साठ हजार शब्दांची वाढवलेली आवृत्ती निघाली. मराठी लोकांनी त्याला कौतुकाने 'मोलेसरशास्त्री' म्हणावे इतकी त्याची मराठी भाषेत गती होती. त्या जाड ग्रंथात मी 'लागणे' हा शब्द काढला, आणि पाहतो तो एका अर्थाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. मजकूर संपता संपेना. तहान लागते आणि ठेच लागते. शोध लागतो, निकाल लागतो, वेळ लागतो, पैसे लागतात. दूध भांड्याच्या बुडाला लागले तर ते करपते, आणि विरजण घातलेले दही लागले तर ते चांगले जमते! दिवा लागला म्हणजे पेटला, दार लागले म्हणजे मिटले. एखाद्याची वाट लागली तर त्याचा नाश झाला. तोच वाटेला लागला तर तो आपल्या कामाला निघाला. दुसऱ्या क्रियापदांच्या मदतीलाही हे धावते. 'मूल रडू लागले' यात आरंभ आहे, 'मला जावे लागले' यात सक्ती आहे. आमचा वऱ्हाडी माणूस तर 'मले जा लागते' एवढ्या तीन शब्दांत सारे उरकतो.

इतकी निरनिराळी कामे करणारा हा शब्द मुळात कोण? त्याचे मूळ संस्कृत 'लग्' या धातूत आहे. लग् म्हणजे चिकटणे, स्पर्श करणे, जोडले जाणे. त्याचे भूतकाळवाचक रूप 'लग्न', म्हणजे चिकटलेले, जोडलेले. 'संलग्न' या शब्दात तोच अर्थ आजही आहे. लोकांच्या तोंडी 'लग्न'चे प्राकृतात 'लग्ग' झाले आणि मराठीत जोडाक्षर सैल होऊन मागचा स्वर लांबला, 'लाग' झाले. 'अग्नि'पासून 'अग्गि' आणि मग 'आग', 'हस्त'पासून 'हत्थ' आणि मग 'हात', 'सप्त'पासून 'सत्त' आणि मग 'सात'. अशीच ही वाट आहे. पंजाबी माणसाने ते जोडाक्षर टाकले नाही, तो अजून 'लग्गणा' म्हणतो. हिंदीत 'लगना', गुजरातीत 'लागवुं', बंगालीत 'लागा' अशी या शब्दाची भावंडे उत्तर भारतभर पसरली आहेत.

मग आपण ज्याला लग्न म्हणतो ते लग्न? ती हकिकत आणखी मौजेची आहे. ज्योतिषी पूर्व क्षितिजाकडे पाहत. ज्या क्षणी जी रास तेथे उगवत असेल, ती क्षितिजाला 'लग्न' झाली, म्हणजे टेकली, असे ते म्हणत. त्यावरून शुभ घटकेला लग्न हे नाव पडले आणि त्या घटकेवर होणाऱ्या विवाहालाही मराठीत तेच नाव चिकटले. ज्ञानेश्वरीत 'लागीं' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तेथे त्याचा अर्थ 'साठी', 'करिता' असा आहे. ज्याच्यासाठी काही करायचे, त्याच्याशी मन आधी जोडले जावे लागते, असा काही संबंध त्यामागे असावा, असे मला वाटते.

एवढे सगळे अर्थ, पण मुळाशी गोष्ट एकच. काहीतरी येऊन आपल्याला टेकते. भूक येऊन टेकते, काठी येऊन टेकते, कोणाचे बोलणे येऊन टेकते. या दृष्टीने 'मला शाळा लागली' यात काय चुकले होते, हे माझे मलाच सांगता येईना.

कंदिलाची वात काजळू लागली आणि मला एकदम तीस वर्षांपूर्वीचा माझा वर्ग आठवला. अकोल्याला मी नुकतीच इंग्रजी शिकायला सुरुवात केली होती. सूर्यास्तासाठी इंग्रजीत 'सेट' हे क्रियापद आहे, हे मी ऐकले होते. पण वही लिहिताना माझा गोंधळ झाला. सूर्य खाली गेला म्हणजे खाली बसला, असे मनाशी म्हणून मी लिहिले, 'दि सन सॅट'. सूर्य बसला! आमच्या मास्तरांनी ते वाक्य वर्गाला वाचून दाखवले आणि विचारले, "काय रे, खुर्चीवर की पाटावर?" पुढे आठ दिवस मुले मला 'सूर्या, बस' म्हणून चिडवीत होती. हा प्रसंग मी इतका पुरता विसरलो होतो, की तोच मास्तर होऊन मी दुसऱ्या वर्गात उभा राहिलो तरी मला तो आठवला नाही.

त्या 'सेट'ची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे. आपल्याकडे दिवा लागतो आणि आपण तो लावतो, तशीच ती जोडी. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला जो शब्द होता त्याचा अर्थच मुळी 'आसनाकडे जाणे' असा होतो. म्हणजे माझा सूर्य अगदीच चुकीच्या जागी बसला नव्हता! ऑक्सफर्डचा थोर इंग्रजी कोश १९२८ साली पुरा झाला; १९८९ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली, तीत 'सेट' या एका क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ दिले आहेत. पुढे नव्या आवृत्तीचे काम करताना कोशकारांनी 'रन', म्हणजे धावणे, या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आणि २०११ साली पहिला मान 'सेट'कडून 'रन'कडे गेला. आणखी एक गोष्ट. कपबशांचा सेट, दागिन्यांचा सेट असे आपण म्हणतो, तो सेट निराळ्याच घरचा आहे. तो लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तेथून इंग्रजीत आला. मूळ अर्थ अनुयायांचा समूह. दोन निराळ्या घरचे शब्द एकसारखे दिसू लागले आणि एकमेकांत मिसळून गेले.

हे सगळे त्या रात्री मला ठाऊक नव्हते. त्या रात्री एवढेच कळले, की उद्या रविवार आहे आणि आपल्याला त्या मुलाच्या घरी जावे लागणार.

सकाळी पाऊस उघडला होता. वाटेत चिखल तुडवीत, ओढ्याला उतार होईपर्यंत थांबत, मी दहाच्या सुमारास त्या गावी पोचलो. कोरकूंचे गाव मी प्रथमच पाहत होतो. मधोमध रुंद रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकमेकींकडे तोंड केलेल्या घरांच्या दोन सरळ ओळी. घराला लागून घर. अंगणे शेणाने सारवलेली, भिंती नीट लिंपलेल्या. मुलगा मला पाहताच घरात पळाला. त्याचे वडील शेतावर निघाले होते, ते थांबले. ओसरीवर त्याची म्हातारी आजी बसली होती, तिने बाजेकडे बोट दाखवून मला बसायची खूण केली आणि आत वळून एक शब्द उच्चारला : "डा." मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. तो मी शिकलेला पहिला कोरकू शब्द. डा म्हणजे पाणी.

मी वडिलांना म्हणालो, "परवा माझ्याकडून चूक झाली. मुलाचे वाक्य मी नीट समजून घेतले नाही." ते संकोचले. शिक्षकाने घरी येऊन असे काही म्हणावे, हे त्यांना अपेक्षित नसावे. मग मुलालाच मी जवळ बोलावले आणि विचारले, "मला शाळा लागली, म्हणजे तुला काय म्हणायचे होते?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. अंगठ्याने सारवण उकरीत उभा राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "काकाले जंगलखात्यात नोकरी लागली. तवा सगळे म्हने, नोकरी लागली, नोकरी लागली. आमच्या घरी शाळा कोनालेच लागली नव्हती. मले लागली."

मी त्याच्या वडिलांकडे पाहिले. ते मान हलवीत होते. घरात कोणाला कधी न मिळालेली वस्तू या मुलाला मिळाली होती. आणि तिच्यासाठी त्याने मराठीतला जो शब्द निवडला होता, तो त्याने कोठूनही उचललेला नव्हता. नोकरी लागते, तर शाळा का लागू नये? नियम त्याच्याकडे होता. माझ्याकडे फक्त वहिवाट होती. मी त्याला सांगितले, "मराठीत असे म्हणण्याची रीत नाही, म्हणून परीक्षेत असे लिहू नकोस. पण तुझा विचार बरोबर होता. फुली मी मारली, ती चुकली." त्याने प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिले.

आजीला आमचे बोलणे कळत नव्हते. मुलगा तिला मधून मधून सांगत होता. वातावरण थोडे सैल करावे म्हणून मी तिला म्हणालो, "आजी, मी डा शिकलो. आता मी कोरकू झालो." मुलाने ते सांगताच म्हातारी खुदकन हसली आणि काहीतरी बोलली. मुलगाही हसला. "काय म्हणाली?" मी विचारले. तो म्हणाला, "तुमी एकटे कोरकू कसे होनार? कोरो म्हंजे मानूस. कोरकू म्हंजे मानसं, लय सारी." आम्ही सारे शहरवासी एकेका माणसाला बेधडक 'कोरकू' म्हणतो, त्यात अनेकवचनाचा प्रत्यय दडलेला आहे, हे माझ्या गावीही नव्हते. दोघांसाठी त्यांच्या भाषेत निराळाच प्रत्यय आहे. संस्कृतातले द्विवचन पाठ करताना आम्हांला घाम फुटे. ही मुले ते खेळता खेळता वापरीत होती. चूक माझी निघाली, सगळे हसले, मीही हसलो. पण ते हसणे मला लागले नाही. हसण्या-हसण्यातही फरक असतो.

नंतर मी कोरकू भाषेविषयी मिळेल ते वाचले. तिचे घराणे मराठीचे नव्हे. ती मुंडा शाखेतली. संताळी, मुंडारी या तिच्या बहिणी शेकडो मैल पूर्वेला झारखंड, ओडिशा, बंगालकडे नांदतात, आणि ही एकटी सर्वांत पश्चिमेला सातपुड्यात राहिली आहे. आणखी दूर, कंबोडियातली ख्मेर भाषा तिची नातलग. उलट सात समुद्रांपलीकडली इंग्रजी मराठीची दूरची नातलग लागते : इंग्रजीतले 'सिट' आणि आपल्या 'सदन', 'संसद' या शब्दांतला 'सद्' धातू एकाच मुळापासून आलेले आहेत, सद् म्हणजेही बसणे. ज्या भाषेचा शब्द चुकला म्हणून मी लहानपणी आठ दिवस खाली मान घालून हिंडलो, ती माझ्या भाषेची नात्यातली. आणि पिढ्यान् पिढ्या मराठीच्या घराला लागून राहिलेली कोरकू नात्याने तिची कोणीच लागत नाही. शेजाराने मात्र त्या एकमेकींकडून पुष्कळ उसने घेत आल्या आहेत.

मी निघण्यासाठी उठलो तेव्हा आजीने हाताने थांबवले. आतून कोरा चहा आला. मी पेला हाती घेतला. एवढ्या चिखलातून हा परका माणूस आपल्या नातवासाठी का आला, हे कोडे तिला अजून उलगडले नसावे. तिने नातवाला काही विचारले. तो क्षणभर अडखळला, मग तिला दोन शब्दांत उत्तर दिले. आणि ती समाधानाने मान डोलवू लागली.

"काय विचारत होती रे?"

"तुमी आमचे कोन लागता, म्हने."

"मग तू काय सांगितलेस?"

तो म्हणाला, "गुरुजी लागतात."

मी काही दुरुस्त केले नाही. चहा निवत चालला होता. मी पेला ओठांना लावला.